हुशार विद्यार्थी, घर आणि परिपूर्णतेचा अट्टहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि विज्ञान संस्थांमध्ये शिकणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि काही प्राध्यापक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरांत आलेले प्रसंग अनेकांच्या सांगण्यातून जुळवलेले आहेत. ते कोणा एका घरातले नाहीत.

१. परफेक्शनिस्ट असणं म्हणजे नेमकं काय? काम नीटनेटकं करायला आवडणं हा काय आजार झाला?

नाही. टापटीप, कष्टाळूपणा आणि उंच ध्येय यांपैकी कशालाच परिपूर्णतावाद म्हणत नाहीत. निकष फार उंच असणे, आणि तो हुकला की कामाऐवजी स्वतःचीच किंमत कमी झाल्यासारखे वाटणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की परिपूर्णतावादाचा त्रास सुरू होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉन हॅमाचेक यांनी १९७८ साली हाच भेद मांडला होता: एका प्रकारच्या माणसाला काम चांगले झाल्याचे समाधान मिळते, तर दुसऱ्याला कितीही चांगले झाले तरी ते मिळत नाही.

पुढे १९९१ मध्ये पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी त्याचे तीन प्रकार केले. पहिल्यात माणूस स्वतःकडून परिपूर्णता मागतो, दुसऱ्यात ती इतरांकडून मागतो आणि तिसऱ्यात इतर लोक आपल्याकडून ती मागत आहेत अशी त्याची खात्री झालेली असते. या तिसऱ्याला आपण येथे 'लादलेला परिपूर्णतावाद' म्हणू. नैराश्य आणि चिंता यांच्याशी त्याचा संबंध सर्वांत सातत्याने आढळतो आणि घराचा विषयही मुख्यतः तिथेच निघतो. पहिल्या प्रकारात घर नसतेच असे मात्र नाही (प्रश्न ४ पाहा).

२. हुशार मुलं परफेक्शनिस्ट असतातच ना?

असा समज पक्का आहे, पण तो अर्धाच खरा आहे. प्रज्ञावंत आणि इतर विद्यार्थ्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा २०२० साली एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात प्रज्ञावंतांचे निकष थोडे अधिक उंच आढळले. चुकांची धास्ती आणि स्वतःविषयीची शंका मात्र त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त आढळली नाही. म्हणजे उंच उडी मारण्याची इच्छा हुशारीबरोबर काही प्रमाणात येत असेल, पण पडण्याची भीती तिच्याबरोबर आपोआप येत नाही. ती कुठून येते हे पाहायचे तर घर, शाळा, क्लास आणि स्वभाव या सगळ्यांकडे पाहावे लागते.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या मोजक्या ठिकाणी प्रज्ञेचा वेगळा विचार झाला. एरवी बहुतेक घरांत हुशारीची खूण म्हणजे आधी स्कॉलरशिप, मग दहावीची टक्केवारी, मग जेईई किंवा नीटची रँक. हुशारी ओळखण्याचे माप आणि मुलाची किंमत ठरवण्याचे माप एकच होऊन बसते ते अशा घरांत.

३. यात घरच्यांचा संबंध नक्की कुठे येतो?

फ्लेट, ह्युइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये चार वाटा सांगितल्या. त्या आपल्या घरांतही ओळखू येतात.

पहिली वाट अटीची आहे. मूल यशस्वी झाले की घरात ऊब असते आणि झाले नाही की ती ओसरते. याला ओरडा लागतोच असे नाही. निकालाच्या दिवशी ९६ टक्के मिळाल्यावर वडील 'छान' म्हणून वर्तमानपत्रात डोके घालतात आणि जेवणाच्या ताटावर नेहमीच्या गप्पा होत नाहीत, एवढे पुरते. दुसरी वाट अनुकरणाची आहे: आई रात्री साडेअकराला ऑफिसचे सादरीकरण चौथ्यांदा तपासते आणि पाहुणे गेल्यावर भाजीत मीठ किंचित जास्त झाल्याचे तासभर उगाळते. हे पाहत वाढलेल्या मुलीला वेगळी शिकवणी लागत नाही. तिसरी वाट प्रतिक्रियेची आहे, आणि ती कठोर, अपमानास्पद किंवा सतत अस्थिर असलेल्या घरातून जाते. व्यसन, भांडणे किंवा मारहाण असलेल्या घरात 'मी एकही चूक केली नाही तर आज काही होणार नाही' असा हिशेब लहान वयातच बसतो. चौथी वाट काळजीची. 'बघ हं, सिली मिस्टेक करू नकोस', 'एक मार्क म्हणजे हजार रँक' अशी पालकांची अखंड सावधगिरी ऐकत वाढलेल्या मुलाला चूक ही धोक्याची घंटा वाटू लागते.

एका घरात दोन-तीन वाटा एकत्र असतात. माझ्या मते मराठी मध्यमवर्गीय घरांत चौथीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, कारण तिला आपण जागरूक पालकत्व समजतो.

४. आम्ही मुलीला मार्कांवरून कधी एक शब्द बोललो नाही. तरी ती अशी का झाली?

हा प्रश्न आयांकडून सर्वाधिक येतो आणि तो प्रामाणिक असतो. क्रिस्टी स्पीअर्स न्यूमाइस्टर यांनी अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या ऑनर्स अभ्यासक्रमातील १२ प्रज्ञावंत विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले काही विद्यार्थी लादलेल्या परिपूर्णतावादाचे होते. त्यांनी हुकूमशाही वळणाच्या, टीका करणाऱ्या पालकांचे वर्णन केले. जे स्वतःच स्वतःकडून परिपूर्णता मागत होते, त्यांची हकिगत वेगळी होती. त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी येत राहिल्या: पालकांना स्वतःच्या कामात तसेच वागताना पाहिलेले असणे, आणि शालेय वयात कष्ट न करता मिळालेले यश.

यातली दुसरी गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. जे मूल दहावीपर्यंत एकदा वाचून पैकीच्या पैकी मिळवते, त्याला चुकण्याचा सरावच होत नाही. गणित अडले, दोन दिवस सुटले नाही, मग कोणाला तरी विचारून सुटले, हा साधा क्रम त्याच्या वाट्याला आलेला नसतो. त्यामुळे 'मला जमते' आणि 'मला लगेच जमते' यांत त्याला फरक कळत नाही. पहिल्यांदा अडखळते तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे असते, घरापासून लांब असते, आणि त्या अडखळण्याचा अर्थ 'विषय अवघड आहे' असा न लावता 'मी मुळात हुशार नव्हतोच' असा लावते.

तेव्हा आपण बोलला नाहीत हे खरे असेल. मुलीने मात्र आपल्याला पाहिले आहे, आणि शाळेने तिला पुरेसे अवघड काही दिले नाही. यात दोष देण्यासारखे कोणी सापडेलच असे नाही.

५. मग अपेक्षाच ठेवायच्या नाहीत का? अपेक्षा आणि दबाव यांत रेघ कुठे मारायची?

अपेक्षा ठेवाव्यात. ज्या घरांत निकष उंच असतात, त्यामागची कारणे सांगितली जातात आणि मुलाचे म्हणणे ऐकले जाते, त्या घरांतली मुले साधारणपणे चांगली वाढतात, हे डायना बॉमरिंड यांच्या १९६० च्या दशकातील कामापासून अनेकदा दिसून आले आहे. रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये केलेल्या ३५ विधानांच्या प्रश्नावलीत पालकांच्या अपेक्षा आणि पालकांची टीका हे दोन वेगळे घटक धरले आहेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. घातक ठरते ती प्रामुख्याने टीका, आणि टीका जोडलेली अपेक्षा.

रेघ ओळखण्याची एक खूण सांगता येईल. निकाल वाईट लागल्यावर घरातले वातावरण किती दिवस बदललेले राहते? अब्राहम असोर, गाय रॉथ आणि एडवर्ड डेसी यांनी २००४ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये सशर्त जिव्हाळ्याचा अभ्यास केला. पालकांचे प्रेम अटींवर मिळते असे वाटणारी मुले अपेक्षेप्रमाणे वागत होती, पण आतल्या सक्तीने. त्यांचे यशाचे समाधान अल्पजीवी होते आणि पालकांविषयी मनात राग साचलेला होता. अट कामी येते, म्हणूनच ती घरात टिकून राहते.

अबोला हे आपल्याकडचे या अटीचे सर्वांत रुळलेले रूप आहे. 'मी काही बोललेच नाही' असे सांगणाऱ्या पालकांनी आपण नेमके किती दिवस बोलला नाहीत, हेही आठवून पाहावे.

६. आम्ही तर सतत कौतुकच केलं. कौतुकानं कुणाचं वाईट होतं का?

कौतुक कशाचे केले यावर ते अवलंबून आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत काहींना 'तू हुशार आहेस' असे सांगितले आणि काहींना 'तू चांगली मेहनत केलीस' असे. पुढे अवघड प्रश्न आल्यावर हुशारीचे कौतुक झालेली मुले लवकर हिरमुसली, त्यांनी चिकाटी कमी दाखवली, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी इतरांना आपले गुण वाढवून सांगितले. हा प्रयोग लहान मुलांवरचा आहे, तो जसाच्या तसा विशीतल्यांना लावू नये. पण 'आमचा अथर्व म्हणजे चालताबोलता कॅल्क्युलेटर' हे वाक्य दहा वर्षे ऐकलेल्या मुलाला साठ टक्क्यांचा पेपर घरी दाखवणे का जड जाते, ते त्यावरून समजते. कौतुकाने त्याला एक पद बहाल केलेले असते, आणि ते सोडून द्यायला तो तयार नसतो.

७. बारावीपर्यंत सगळं सुरळीत होतं. कॉलेजच्या पहिल्याच सेमिस्टरला का बिघडलं?

तुलनेचा गट बदलला म्हणून. लातूर किंवा सांगलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जो पहिला होता, तो आता अशा वर्गात बसतो जिथे प्रत्येक जण कुठला तरी पहिला आहे. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की समान कुवतीचा विद्यार्थी अधिक निवडक संस्थेत गेला की त्याचे स्वतःच्या कुवतीविषयीचे मत खाली येते. कुवत तेवढीच राहते. त्यात भर पडते ती सापेक्ष श्रेणीपद्धतीची. आयआयटी मुंबईत १० गुणांच्या मोजपट्टीवर एए म्हणजे १०, एबी म्हणजे ९, बीबी म्हणजे ८ अशी श्रेणी असते. वर्गाच्या तुलनेत श्रेणी ठरते तिथे सगळ्यांनी उत्तम पेपर लिहिला म्हणून सगळ्यांना एए मिळत नाही. आतापर्यंत टक्केवारीवर जगलेल्या घराला '७.८ सीपीआय' (सर्व सेमिस्टरच्या श्रेणींची एकत्रित सरासरी) या आकड्याचे काय करायचे तेच कळत नाही आणि तो ७८ टक्क्यांसारखा वाचला जातो. मुलाच्या दहावीच्या ९७ शेजारी तो ठेवला की घरात चिंता सुरू होते.

पालकांना येथे एक सोपी गोष्ट करता येते: संस्थेच्या श्रेणीचा अर्थ मुलाकडूनच समजून घ्यावा, निकालाच्या आधी, आणि आकडा त्याच्या वर्गाच्या संदर्भात वाचावा.

८. माझा मुलगा तर आळशी झालाय. असाइनमेंटही देत नाही. तो परफेक्शनिस्ट कसा असेल?

अगदी असू शकतो. गृहपाठाची फाइल संध्याकाळीच तयार असते. शेवटच्या आलेखाच्या अक्षांवरची अक्षरे त्याला पसंत पडत नाहीत, म्हणून तो आलेख पुन्हा काढतो, मग प्रस्तावना बदलतो, मग पहिली आवृत्तीच बरी होती असे त्याला वाटते. रात्री ११.५५ ला फाइल चढवण्याची मुदत संपते. ११.५६ ला तो लॅपटॉप मिटतो आणि त्याला चक्क बरे वाटते, कारण न दिलेल्या कामाला कोणी वाईट म्हणू शकत नाही. शून्य मिळाले तर ते 'दिलेच नाही' म्हणून मिळते. दिले असते आणि सहा मिळाले असते तर ती त्याची कुवत ठरली असती.

बाहेरून हा आळस दिसतो आणि घरून तशीच प्रतिक्रिया येते: 'पैसे भरतोय आम्ही, आणि हा झोपतोय.' त्याने चुकीची धास्ती वाढते आणि पुढचे काम आणखी लांबते. अर्थात प्रत्येक टाळाटाळ परिपूर्णतावादातून येत नाही. शाखाच नको असणे, मोबाइलचे वेड, झोपेचे गणित बिघडणे किंवा नैराश्य हीही कारणे असतात. ज्या कामाला गुण नाहीत तेही टाळले जाते का, हे पाहिले तर अंदाज येतो. गुण नसलेले काम मजेत होत असेल आणि गुणांचेच अडत असेल, तर धास्तीची शक्यता अधिक.

९. एकाच घरात वाढलेली आमची दोन मुलं. थोरली जीव काढते, धाकटा निवांत. मग घराचा परिणाम कसा म्हणायचा?

जुळ्यांवरील अभ्यासांत परिपूर्णतावादात आनुवंशिकतेचा मध्यम वाटा दिसतो, आणि उरलेला बराचसा भाग भावंडांना समान नसलेल्या अनुभवांचा असतो. एक घर दोन मुलांसाठी एकच नसते. थोरलीच्या वेळी आईवडील नवखे होते, घराचे हप्ते चालू होते, आणि चौथीच्या स्कॉलरशिपचा अभ्यास घ्यायला बाबा रजा काढत. धाकट्याच्या वेळेपर्यंत सगळेच सैलावलेले असतात. शिवाय मूलही पालकांना घडवते: जी मुलगी स्वतःहून जास्त मागते तिच्याकडून अधिक अपेक्षा ठेवली जाते, आणि जो ऐकतच नाही त्याचा नाद सोडला जातो.

१०. आई कडक, बाबा एकदम मऊ. तोल साधला जातो ना?

काही वेळा साधतो. पण मऊ पालक फक्त एकांतात मऊ असेल आणि कडक पालकासमोर गप्प बसत असेल, तर मुलाला त्या मऊपणाचा आधार मिळत नाही. 'आईला सांगू नकोस, मी बघतो' हे वाक्य प्रेमाचे असले तरी चूक लपवण्यासारखी असते, हेच ते शिकवते.

११. माझे आईवडील शेतमजुरी करतात. त्यांनी माझ्याकडून कधीच काही मागितलं नाही. तरी एक विषय राहिला तर मी त्यांना तोंड दाखवू शकणार नाही असं वाटतं. हेही त्यातलंच का?

हो, आणि नाहीही. आतापर्यंतच्या बहुतेक उत्तरांत शिकलेले, मध्यमवर्गीय पालक गृहीत धरले होते. आपला प्रश्न त्या चौकटीबाहेरचा आहे. येथे अपेक्षा बोलून दाखवलेली नसते, ती दिसत असते. उसाच्या फडातून आलेला फोन, बहिणीचे पुढे ढकललेले शिक्षण, दर महिन्याच्या सुरुवातीला वेळेवर येणारे मेसचे पैसे, आणि 'तू फक्त शिक, बाकीचं आम्ही बघतो' हे एकच वाक्य. त्या वाक्यात दबाव टाकण्याचा हेतू अजिबात नसतो, पण ऐकणाऱ्याला ते कर्जाच्या कागदासारखे जपावे लागते.

त्यात आणखी दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. पहिली, आपली भीती काही अंशी वस्तुस्थितीवर आधारलेली असू शकते. शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी पुढच्या वर्गात जाण्यावर अवलंबून असेल, तर नापास होण्याची काळजी हा मनाचा खेळ नाही. त्यासाठी कार्यालयात जाऊन नियम वाचून घ्यावेत; पुष्कळदा एक विषय राहिल्याने शिष्यवृत्ती जात नाही, आणि जात असेल तर ते आधीच कळलेले बरे. दुसरी, घरी एटीकेटी आणि वर्ष वाया जाणे यांतला फरक माहीत नसतो. 'विषय राहिला' हे गावात 'नापास झाला' असेच ऐकले जाते. तो फरक निकालाआधी, शांतपणे, आपल्या बोलीत समजावून सांगितलेला असला की पुढचा फोन करणे सोपे जाते. आपल्याच भागातून आलेला, एखादा विषय राहूनही पदवी घेतलेला वरच्या वर्गातला विद्यार्थी भेटला, तर अनेक व्याख्यानांपेक्षा त्याचा उपयोग होतो.

येथे पालकांना बदलण्यासारखे जवळपास काही नाही, म्हणून प्रश्न १३ मधल्या सूचना आपल्याला फारशा लागू पडणार नाहीत.

१२. हे सगळे अभ्यास अमेरिकेतले. आपल्या एकत्र, एकमेकांत गुंतलेल्या घरांना ते कसे लागू?

शंका योग्य आहे. रॉबर्ट स्लेनी आणि सहकाऱ्यांनी २००० साली भारतीय विद्यार्थ्यांमध्ये हा विषय तपासला, तेव्हा उंच निकष आणि टापटीप हे घटक येथेही ठळक दिसले. त्याच परंपरेतून केनेथ वँग यांनी २०१० मध्ये 'कुटुंबाचा परिपूर्णतावाद' मोजण्याची प्रश्नावली केली, कारण आशियाई घरांत निकष एकट्या मुलाचा नसतो, घराण्याचा असतो. आपल्याकडे 'चारचौघांत मान खाली जायला नको' म्हणतात, त्यात चारचौघे आधी येतात.

कॅस्ट्रो आणि राइस यांच्या २००३ च्या अभ्यासात आशियाई वंशाच्या अमेरिकन विद्यार्थ्यांनी पालकांच्या टीकेविषयी इतर गटांपेक्षा अधिक नोंद केली. न्यू जर्सी किंवा बे एरियात वाढलेल्या मराठी मुलांना हे ओळखीचे वाटेल: तिथे चारचौघे म्हणजे महाराष्ट्र मंडळ. मात्र तेच कडक बोलणे सगळ्यांना सारखे लागत नाही. आईचे रागावणे काळजीचे आहे अशी ज्या मुलाची खात्री आहे, त्याला ते कमी बोचते. म्हणून बाहेरच्या माणसाने एखाद्या घराचा आवाज ऐकून निष्कर्ष काढू नये.

काळ बदलतो आहे, हेही खरे. टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातील अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील ४१,६४१ विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली. तिन्ही प्रकार वाढलेले होते. लादलेला परिपूर्णतावाद सर्वाधिक, सुमारे ३३ टक्क्यांनी. २०२२ च्या पुढच्या आढाव्यात पालकांच्या अपेक्षा आणि टीका वाढल्याची विद्यार्थ्यांची भावनाही तिथे चढती दिसली. त्यांनी याचा ठपका पालकांवर ठेवला नाही. स्पर्धा वाढली आणि पालक तिला प्रतिसाद देत आहेत, असे त्यांचे म्हणणे. कोट्याच्या किंवा लातूरच्या क्लासची फी भरणाऱ्या पालकाला ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

१३. मुलगा आता एकोणीस वर्षांचा, होस्टेलवर. फोनवर दहा मिनिटं मिळतात. एवढ्यात काय करता येईल?

दहा मिनिटे कमी नाहीत. बहुतेक घरांत 'जेवलास का?' नंतर लगेच 'मिडसेमचं काय झालं?' येते, आणि त्या दुसऱ्या प्रश्नानंतर मुलाचा आवाज बदलतो. परीक्षेचा विषय त्याला काढू द्यावा. त्याने काढला नाही तर एखादा फोन त्याशिवाय जाऊ द्यावा. स्वतःच्या कामातली चूक सहज सांगावी: आज बँकेत चुकीचा अर्ज भरला, परत जावे लागले, हसू आले. अनुकरणाची वाट (प्रश्न ३) उलट दिशेनेही चालते.

निकाल वाईट आला तर पहिल्या फोनवर उपाय सुचवू नयेत. 'ट्यूशन लावू का?', 'सरांशी बोलू का?' हे मदतीचे वाटते, पण ऐकणाऱ्याला त्यात घरात धावपळ उडाल्याचे कळते. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी, नेहमीच्या आवाजात फोन करावा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर गुण टाकणे मात्र सरळ बंद करावे, चांगले असले तरीही. एकदा टाकले की पुढच्या वेळी न टाकण्याचाही अर्थ काका-मावशी लावतात.

जुने काही बोलून गेल्याची जाणीव होत असेल तर एकदाच, थोडक्यात सांगावे. लांबलचक माफीनाम्यात पालकांना सावरायचे काम मुलावरच येते.

१४. मी विद्यार्थिनी आहे. घरी हे कसं सांगू? 'आम्ही काय कमी केलं?' असंच ऐकावं लागेल.

'तुमच्यामुळे' ने सुरुवात केली तर तेच ऐकावे लागेल. जे हवे आहे ते ठोस मागावे: 'पेपर झाल्यावर लगेच विचारू नका, मी रविवारी सांगेन' ही मागणी आईला समजते, 'मला समजून घ्या' ही समजत नाही. दोन पालकांपैकी ज्यांच्याशी बोलणे सोपे आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी, किंवा आत्या-मामांपैकी ज्याचे घरात ऐकले जाते अशा एकाला सोबत घ्यावे. आपल्याला जाणवलेली अपेक्षा आणि पालकांची खरी अपेक्षा यांत अंतर असू शकते, कारण वर उल्लेखिलेल्या प्रश्नावल्याही विद्यार्थ्याला काय वाटते तेच मोजतात. बाबांना एकदा थेट विचारून पाहावे की सात सीपीआय आला तर त्यांना काय वाटेल. उत्तर कधी अनपेक्षितपणे साधे निघते. कधी निघत नाही, आणि मग निदान भीती खरी होती एवढे कळते. घरात हिंसा किंवा सतत अपमान असेल तर हा संवाद एकटीने करू नये. आधी समुपदेशकाशी बोलावे.

१५. पण याच स्वभावामुळे मी इथवर आलो. हा गेला तर रँकही जाईल ना?

डॅनियल मॅडिगन यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उंच निकष ठेवण्याचा गुणांशी चांगला संबंध दिसला आणि चुकांच्या धास्तीचा किंचित उलटा. म्हणजे आपल्याला इथवर आणले ते निकषांनी. धास्ती केवळ बरोबर आली. पॅट्रिक गोद्रो यांनी उत्कृष्टता आणि परिपूर्णता ही दोन वेगळी ध्येये मानावीत असे सुचवले आहे, आणि पहिले गाठल्यानंतर दुसऱ्यासाठी खर्ची पडणारे तास बहुधा व्यर्थ असतात.

हे वाचून कोणाला पटत नाही, म्हणून वर्तनोपचारात ते करून पाहायला लावतात. कमी महत्त्वाच्या एका प्रयोगाच्या जर्नलमध्ये खाडाखोड तशीच ठेवून ते सादर करायचे, आणि आधी कागदावर लिहून ठेवायचे की काय होईल. सर काय म्हणतील, किती गुण जातील. मग प्रत्यक्षात काय झाले ते त्याखाली लिहायचे.

१६. काउन्सेलरकडे गेलो तर घरी कळवतात का? आणि कधी जावं?

आपण अठरा वर्षांवरील असाल तर आपल्या संमतीशिवाय साधारणपणे कळवत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. जिवाला धोका असण्यासारखे अपवाद त्यात सांगितले आहेत. संस्थेच्या समुपदेशन केंद्राचा नियम पहिल्याच भेटीत विचारून घ्यावा.

झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडले, परीक्षा किंवा वर्ग टाळले जाऊ लागले, किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले, तर थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. शेवटच्या प्रकारचे विचार असतील तर ती रात्र एकट्याने काढू नये. खोलीतल्या मित्राला किंवा वॉर्डनला उठवावे.

१७. इंटरनेटवर परफेक्शनिझमची चाचणी दिली, 'हाय' आलं. मग आई-बाबांना दाखवू का?

दाखवू नये, निदान पुरावा म्हणून तरी नाही. या प्रश्नावल्या संशोधनासाठी आहेत. एका ठरावीक आकड्यापलीकडे आजार असे त्या सांगत नाहीत, आणि पालकांविषयीची त्यांतली विधाने आपण त्या दिवशी घरावर किती रागावलेले होतो यावरही हलतात. समुपदेशकाकडे न्यायची असेल तर एकूण गुणांपेक्षा ज्या विधानांवर आपण सर्वाधिक सहमत झालात ती दोन-तीन विधाने घेऊन जावीत. बोलायला सुरुवात तिथून करता येते.